गाडीच्या रंगाशी ॲक्सेसरी जुळत नाही? स्क्रू काढण्याआधी हे बघा

"बाब, रंग जुळना मरे!" दुकानाच्या पायरीवरून हे वाक्य आलं की मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवतो. पुढचं सगळं ठरलेलं असतं. गाडी फिरोजी, नारिंगी, तांबूस सोनेरी किंवा शेवाळी रंगाची. डिकीवर ऑनलाइन मागवलेला स्पॉयलर, नाहीतर आरशांवर टोप्या. मोबाइलवर हुबेहूब दिसलेल्या, आणि गाडीवर ठिगळासारख्या.

गोव्यात, फोंड्यात माझं ॲक्सेसरी बसवायचं छोटं दुकान आहे. साध्या पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीला तयार रंगवलेला माल सहज मिळतो, कारण तो रंग रस्त्यावर भरपूर आहे आणि माल बनवणाऱ्याला तो खपायची खात्री असते. तुमचा रंग त्या वर्षी त्या मॉडेलच्या मोजक्याच गाड्यांवर आला असेल, तर बाजारात जे मिळतं ते "जवळपास" या जातीचं. शिवाय असे रंग कंपन्या दोन-तीन वर्षांत बंदही करतात. 2020 साली नवी थार आली तेव्हा तिच्यात ॲक्वामरीन होता, रॉकी बेज होता. आज ते घेतलेल्या मालकांना साधा रंगीत तुकडा शोधायचा म्हटलं तरी पायपीट.

माझी स्वतःची फजिती आधी सांगून टाकतो. 2020 ची माझी इग्निस, लुसेंट ऑरेंज. स्पॉयलर नुसत्या प्रायमरमध्ये, म्हणजे रंगाआधीच्या अस्तरात, आणला आणि एका पेंटरकडे दिला. त्याने शेड कार्डावर बोट फिरवलं, एका चौकोनावर थांबला, "हाच" म्हणाला. संध्याकाळची वेळ, त्याच्या शेडमधली ट्यूबलाइट, आम्ही दोघांनीही माना डोलावल्या. सकाळी उन्हात गाडी काढली तर गाडी तांबूस काजूच्या बोंडाची आणि स्पॉयलर पिकलेला मानकुराद आंबा. मेव्हण्याने विचारलं, "डिकी बदललीस काय?" त्यानंतर अशा बऱ्याच गाड्या हाताखालून गेल्या. चुका तशा चार-पाचच असतात, माणसं बदलतात.

आधी लक्षण ओळखा

"जुळत नाही" एवढ्यावर काही कळत नाही. कसं जुळत नाही ते बघा.

- सावलीत जुळतं, उन्हात वेगळं पडतं, किंवा उलट. दोष रंगद्रव्यात आहे. डोळ्यांनी जुळवलेल्या रंगाचं हे हमखास लक्षण.
- समोरून जुळतं, पण गाडीच्या बाजूने चालत गेलात की तुकडा काळवंडतो किंवा पांढुरका होतो. मेटॅलिक किंवा पर्ल रंगातले चमचमणारे कण वेगळे बसलेत. रंग बहुधा बरोबर आहे, मारण्याची पद्धत चुकली.
- सगळीकडून, सगळ्या उजेडात, एकसारखाच थोडा गडद दिसतो. तुकडा नवा आहे आणि तुमची गाडी उन्हाने विटली आहे. नाहीतर त्याच कोडची दुसरी छटा वापरली गेली.
- रंगाची जातच वेगळी. नाव वाचून घेतलेला माल.
- रंग बरोबर, चमक वेगळी.
- लावला तेव्हा जुळत होता, एका पावसाळ्यात पापुद्रे सुटले किंवा दुधाळ झाला. हा रंगाचा प्रश्नच नाही, खालच्या प्लॅस्टिकचा किंवा दमट हवेचा आहे.

आता तपासण्या. फुकटातल्या आधी.

धुवा, आणि फिल्म काढलीत का ते बघा

हसू नका. डिचोलीहून एक मास्तर दोनदा आले, आरशाच्या टोप्या "मळकट निळ्या" दिसतात म्हणून. दुसऱ्यांदा मी नखाने कोपरा उचलला तर पातळ, निळसर संरक्षक फिल्म अख्खी निघून आली. खाली टोपी ठीकठाक. मास्तरांनी ती फिल्म घडी घालून खिशात ठेवली, का ते देव जाणे.

दुसरी गोष्ट आपली लाल माती. खाणपट्ट्यातून, धारबांदोडा-उसगावच्या बाजूने रोज ये-जा करणाऱ्या गाडीवर तांबूस थर बसतो, तो साध्या पाण्याने जात नाही. फिरोजी किंवा फिकट हिरव्या रंगावर त्या थराने सरळ छटाच बदलते. शॅम्पूने धुवा, मायक्रोफायबर फडक्याने कोरडी करा, आणि मग पाहा. ओली गाडी नेहमी गडद दिसते, त्यामुळे पाऊस थांबल्या थांबल्या रंग जुळवायला बसू नका.

हा तुकडा गाडीच्याच रंगाचा हवा का?

हा प्रश्न मी विचारला की गिऱ्हाइकाचा चेहरा उतरतो, पण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात. डोळा फक्त शेजारशेजारच्या दोन गोष्टींची तुलना करतो. दाराच्या हँडलवर बसणारं कव्हर पत्र्याला टेकून असतं, तिथे केसभर फरकही दिसतो. छतावरचा स्पॉयलर मागच्या काचेला लागून असतो आणि काच काळीच. तो चकचकीत काळा केला तर मुद्दाम तसा घेतल्यासारखा वाटतो. मडफ्लॅप, साइड मोल्डिंग, व्हील आर्चची पट्टी, दारावरचे पाऊसपट्टे हे सगळं काळंच शोभतं. जिम्नीच्या पिवळ्या रंगाला कंपनीने काळं छप्पर जोडून दिलं ते उगाच नाही.

बाजारात "सेम कलर" म्हणून जे मिळतं त्यापेक्षा दाणेदार काळं प्लॅस्टिक कधीही बरं. ते विटलं तरी काळंच राहतं आणि आपल्याकडच्या खाऱ्या हवेत पापुद्रे सुटायची भीती नाही.

जिथे रंग लागणारच, तिथे मधे काळी रेघ ठेवा. तुकड्याच्या कडेला बारीक रबर बीडिंग लावलं की दोन रंग एकमेकांना टेकत नाहीत आणि थोडासा फरक डोळ्याला पकडता येत नाही. जुने टिंकर, म्हणजे पत्रा ठोकणारे, हे बरोबर जाणतात, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

रंगाचा कोड शोधा

रंगाचं नाव हा जाहिरातीचा भाग आहे. आरसीवर नाव असतं, बिलावर नाव असतं, ऑनलाइन यादीत तर नुसतं "ब्लू" किंवा "ऑरेंज". रंग बनतो तो कोडवरून. मारुतीचा साधा पांढरा म्हणजे 26U, सिल्की सिल्व्हर म्हणजे Z2S. असाच छोटा, दोन-चार अक्षर-आकड्यांचा कोड जवळपास प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक रंगाला असतो. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांवर सारखंच नाव दिसलं तरी कोड तोच असेल असं धरून चालू नका. स्विफ्टवर प्राइम लुसेंट ऑरेंज आला, इग्निसवर लुसेंट ऑरेंज. मी नाव बघून कधीच मागवत नाही.

कोड कुठे असतो? चारचाकीत ड्रायव्हरचं दार उघडा आणि मधल्या खांबावरचं स्टिकर वाचा. तिथे नसेल तर बॉनेट उघडून इंजिनच्या मागच्या पत्र्यावर छोटी पट्टी शोधा. दुचाकीत सीटखाली किंवा चासीच्या नळीवर बघा. स्टिकर विटलं असेल, किंवा आधीच्या मालकाने सगळं धुऊन-पुसून घालवलं असेल, तर 17 अक्षरांचा चासी नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या स्पेअर पार्ट्स काउंटरवर जा. तिथला माणूस संगणकावर नंबर टाकून कोड सांगतो. विनंती नीट केलीत तर फुकटात. काउंटर रिकामा असेल अशी वेळ साधा, जेवणाच्या सुट्टीआधी घाईत जाऊ नका.

कोड मिळाला की त्याचा फोटो काढून ठेवा. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि तरी निम्मे जण पुन्हा तोच प्रश्न घेऊन येतात.

दुरंगी गाडी असेल तर कोड दोन असतात. छपराचा काळा आणि आरशाचा काळा एकच असेलच असं नाही, त्या काळ्यातही निळसर झाक असू शकते. "काळा तो काळा" म्हणून रंगवलेल्या टोप्या मी परत घासून काढल्यात.

सेकंड-हँड गाडी असेल तर आणखी एक पायरी. कोड बरोबर असूनही रंग जुळत नसेल, तर गाडी आधी कधीतरी पूर्ण किंवा अर्धी रंगवलेली असू शकते. दाराच्या रबराखाली, बॉनेटच्या बिजागरीजवळ आणि डिकीच्या आतल्या कडेला पाहा. आतला रंग वेगळा दिसला किंवा रबरावर रंगाचे शिंतोडे सापडले, तर मूळ कोड तुमच्या बाहेरच्या रंगाला लागू नाही. तिथे थेट नमुन्यावरूनच जुळवावं लागेल.

कंपनीचा तयार रंगवलेला तुकडा मिळतो का ते विचारा

आरशाच्या टोप्या, स्पॉयलर, दाराची हँडलं यांसारखे काही तुकडे कंपनी स्वतःच रंगवून विकते. मारुतीच्या पार्ट नंबरात शेवटची तीन अक्षरं बहुधा रंगाची असतात. 799 दिसलं तर तो तुकडा नुसत्या प्रायमरमध्ये येणार, म्हणजे रंगकाम तुमच्या गळ्यात. हे बिल फाडण्याआधी वाचा. रंग बंद झाला असला तरी पार्ट काही काळ मागणीवर मिळू शकतो, पण काउंटरवरचा माणूस आधी "नाही" म्हणतो. चासी नंबर देऊन पार्ट नंबर शोधायला लावा.

बाहेरचा माल आणि कंपनीचा माल यांच्या किमतीतला फरक बघून माणूस मागे सरकतो. पण रंगवायचा खर्च, दोन फेऱ्या आणि एकदा चुकल्यावर परत घासणं एवढं धरलं की फरक बराच कमी होतो.

तुकडा कुठे बसणार, बंपरवर की पत्र्यावर?

हे फार कमी जण बघतात. बंपर प्लॅस्टिकचा, तो बॉडीपासून वेगळा रंगवला जातो. कारखान्यातून आलेल्या कोऱ्या करकरीत गाडीतसुद्धा बंपर आणि फेंडर यांच्या छटेत बारीक फरक असू शकतो, मेटॅलिकमध्ये जास्त. म्हणून बंपरच्या खालच्या कडेची पट्टी, म्हणजे लिप, बंपरशी जुळवा आणि दारावरची पट्टी दाराशी. एका नमुन्यावरून सगळे तुकडे रंगवले की त्यातला एक तरी डोळ्यात सलतो.

तीन उजेडांत बघा

सकाळी आठ-नऊला, मोकळ्या आकाशाखाली पण सावलीत. मग दुपारच्या उन्हात. मग रात्री पेट्रोल पंपाच्या पांढऱ्या एलईडीखाली. तिन्ही ठिकाणी तुकडा गाडीला टेकवून धरा आणि दर वेळी समोरून, मग तिरकस, असं दोनदा बघा. दोन रंग वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनले असले तर एका उजेडात भाऊ-भाऊ आणि दुसऱ्यात परके दिसतात. माझा मानकुराद स्पॉयलर याचाच नमुना.

फक्त एकाच उजेडात चुकत असेल आणि तुकडा गाडीच्या खालच्या भागात असेल, तर मी गिऱ्हाइकाला राहू दे म्हणून सांगतो. आरशाची टोपी किंवा डिकीचा मधला भाग असेल तर नाही.

याच वेळी गाडीच्या एका कोपऱ्यावर, वीतभर जागेत, रबिंग कंपाउंड हाताने चोळून पुसा. तो भाग उजळला आणि तुकड्याशी जुळू लागला, तर रंग बरोबर आहे, तुमची गाडी विटली आहे. नारिंगी, लाल, पिवळे रंग आपल्या उन्हात लवकर उतरतात. अख्खी गाडी पॉलिश करून घ्या, तुकडा आपोआप जुळेल. पॉलिशचे पैसे एरवीही कधीतरी घालायचेच असतात.

तुकडा उलटा करून वाचा

रंगवायचं ठरलंच तर आधी तुकड्याची पाठ वाचा. बहुतेक ठिकाणी बारीक उठावदार अक्षरांत प्लॅस्टिकची जात लिहिलेली असते. एबीएस असेल तर रंग नीट धरतो. पीपी किंवा पीपी अधिक ईपीडीएम असेल तर ते मेणासारखं गुळगुळीत असतं आणि प्लॅस्टिक प्रायमर मारल्याशिवाय त्यावर रंग टिकत नाही. पेंटरने "चालतं हो, एवढं काय" म्हटलं तर तुकडा उचला आणि निघा. काहीच लिहिलेलं नसेल तर पीपीच आहे असं समजून प्रायमर मारा, एबीएसवर मारल्याने काही बिघडत नाही.

आधी रंगवून झालेल्या तुकड्याची शंका असेल तर पाठीमागे, न दिसणाऱ्या कडेला ब्लेडने बारीक जाळी ओढा, सेलोटेप घट्ट दाबा आणि झटक्याने ओढा. चौकोन टेपबरोबर आले तर गाडीवर लावायच्या आधीच परत करा. पहिल्या पावसाने तेच केलं असतं.

नमुन्याचा कागद: इथे घाई करू नका

आता पैसे लागायला सुरुवात होते, पण या पायरीला दोघांच्या भाजी-पाव-चहाएवढेच. रंग मिसळून देणारी दुकानं मडगाव, पणजी, म्हापसा, फोंडा सगळीकडे आहेत. कोड सांगितला की संगणक फॉर्म्युला काढतो. पण कोड एक आणि फॉर्म्युले अनेक असतात: एक मूळ, बाकीच्या छटा. एक जरा पिवळसर, एक जरा गडद, एक जाड कणांचा. कारखाना वेगळा, बॅच वेगळी, म्हणून हे फरक पडतात. दुकानदार सहसा मूळ फॉर्म्युला देऊन मोकळा होतो.

म्हणून नमुना सोबत न्या. सगळ्यात सोपा नमुना म्हणजे पेट्रोलच्या झाकणावरची बाहेरची फ्लॅप. बऱ्याच गाड्यांत ती एक-दोन स्क्रू किंवा पिन काढली की हातात येते. आधी धुवा, पॉलिश करा, मग द्या. दुकानात रंग वाचायचं यंत्र असेल तर एका जागी नाही, तीन ठिकाणी वाचायला सांगा. फ्लॅप निघत नसेल तर गाडीच घेऊन जा. मोबाइलवरचा फोटो दाखवून रंग जुळवणाऱ्याकडे माझं कुठलंही गिऱ्हाईक मी पाठवणार नाही.

आधी फक्त 100 मिली मिसळून घ्या आणि पांढऱ्या-काळ्या रंगाच्या जाड कार्डावर मारून मागा. नुसतं बोटाने फासलेलं नको, स्प्रे गनने मारलेलं हवं. काळा-पांढरा पट्टा कार्डावर असतो तो यासाठी की खालचा पट्टा पूर्ण झाकला गेला की रंगाची खरी छटा दिसते. पट्टा पुसट दिसत असेल तर थर कमी पडलेत आणि छटाही खोटी. वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक चकाकीचा थर, मारल्याशिवाय कार्डाकडे बघूही नका, क्लिअरखाली रंग गडद होतो.

पर्लचे तीन थरांचे रंग असतील, म्हणजे खाली बेस, मधे मोती, वर क्लिअर, तर तिथे मधल्या थराच्या संख्येवर सगळं अवलंबून. दोन हात, तीन हात, चार हात अशी तीन कार्डं करून घ्या आणि मागे पेनाने आकडा लिहा. मी एका पेडणेकर गिऱ्हाइकाच्या मोतिया गाडीसाठी पाच कार्डं केली होती. चौथं जुळलं. तिसरं आणि चौथं शेजारी ठेवली तर दुकानातल्या पोराला फरक दिसत नव्हता, गाडीवर ठेवल्यावर दिसला.

कार्ड मिळालं की मघाचे तीन उजेड पुन्हा. दारावर टेकवताना कार्ड दाराच्याच कलाने धरा, आडवं धरलंत तर मेटॅलिक वेगळाच बोलतो. जुळलं की कार्डामागे कोड, छटेचा नंबर, थर आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या वेळी हे कार्डच तुमचं बियाणं.

मारताना कुठे चुकतं

कार्ड जुळलं आणि तुकडा तरी चुकला, तर चूक गनच्या हातात. मेटॅलिक रंग कोरडा, लांबून मारला की कण वर तरंगतात आणि समोरून फिका दिसतो. ओला, जवळून मारला की कण खाली बसतात आणि गडद दिसतो. म्हणून ज्या माणसाने कार्ड मारलं त्याच्याकडूनच, त्याच गनने तुकडा मारून घ्या. तुकडा टांगलेला असावा, गाडीवर जसा उभा बसणार तसाच. टेबलावर आडवा ठेवून मारला तर कण वेगळे झोपतात. एवढं पेंटरला सांगायचा संकोच वाटतो, पण सांगा. चांगला पेंटर रागावत नाही. तो म्हणतो, "म्हाका खबर आसा," म्हणजे मला माहीत आहे, आणि मग मात्र टांगतो.

आता आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर हवेत इतकं पाणी असतं की थिनर उडताना रंगाच्या पृष्ठभागावर ओल धरते आणि क्लिअर दुधाळ होतो. बंद बूथ आणि सुकवणी असलेल्या ठिकाणीच या दिवसांत काम द्या. उघड्या शेडमध्ये मारणारा कितीही हुशार असो, जुलैत त्याला तुकडा देऊ नका. गणेश चवथीआधी गाडी सजवायची घाई असते, आणि अशा चुकांची सगळ्यात मोठी रांग मला चवथीनंतरच लागते. पावसाळा उलटल्यावर, दिवाळीपासून पुढे मेअखेरपर्यंत काम निश्चिंत होतं.

स्प्रे कॅनबद्दल विचारणारे बरेच असतात. कोडवरून भरलेला कॅन आरशाच्या टोपीसारख्या लहान तुकड्याला ठीक. पण साध्या कॅनमधला क्लिअर पेट्रोलला टिकत नाही, म्हणून टाकीच्या तोंडाजवळच्या कुठल्याही गोष्टीला तो नको. स्कूटरवाल्यांनी तर अजिबात नको, पेट्रोल भरणाऱ्याच्या हाताने एक थेंब सांडला की डाग कायमचा.

रंगवलेला तुकडा फोम टेपने लावायचा असेल तर जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, ओल पूर्ण जाऊ द्या आणि मग दाबा. अशा टेपला 21 ते 38 अंशांचं तापमान मानवतं, म्हणजे दुपारी उन्हात तापलेल्या पत्र्यावर लावू नका. पहिला दिवस धुऊ नका, पूर्ण पकड बसायला तीन दिवस जातात. भर पावसात भिजलेल्या गाडीला दुकानात पुसून पाऊसपट्टा लावून देणारा माणूस तुमचं काम करत नाही, स्वतःचं बिल करतो.

इथे थांबा

काही कामं घरी किंवा माझ्यासारख्या फिटरकडे करायची नाहीत.

टू-के क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा क्लिअर, घरी मारू नका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने दमा लागू शकतो, आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की अगदी थोड्या वासानेही त्रास होतो. तोंडाला रुमाल बांधून किंवा कापडी मास्क लावून काही होत नाही. बूथमधले लोक बाहेरून हवा पुरवणारा मास्क लावतात, तो उगाच नाही. पोर्चमध्ये, मुलं खेळत असताना, कॅनवर "टू-के" लिहिलेलं पाहूनही मारणारे लोक मी पाहिलेत.

तीन थरांचा पर्ल, मॅट रंग, किंवा नमुन्याची तीन कार्डं करूनही न जुळणारा रंग: चांगल्या बॉडीशॉपमध्ये रंग वाचून, हाताने सुधारून देणाऱ्या माणसाकडे जा. चौथं कार्ड स्वतः करण्यात मजा नाही. मॅट तुकड्यावर चूक झाली तर पॉलिश करून ती दुरुस्त होत नाही, पॉलिशने तो चमकायला लागतो.

पार्किंग सेन्सर असलेला बंपर, किंवा नव्या गाड्यांत पुढच्या चिन्हामागे वा बंपरमागे रडार असलेली गाडी. सेन्सरवर जाड थर चढला की तो उगाच पिपी करत राहतो. रडारसमोर मेटॅलिक रंगाचे जादा थर चढले तर त्याची नजर बिघडू शकते आणि ती चूक तुम्हाला ब्रेकवर कळेल. असली गाडी सर्व्हिस सेंटरलाच दाखवा.

बॉडीला भोक पाडून बसणारी कुठलीही वस्तू. आपल्या खाऱ्या हवेत त्या भोकाच्या कडेने गंज सुरू होतो, आणि वॉरंटीचं भांडण वेगळं. पुढच्या लोखंडी गार्डला रंग जुळवून देता का, असंही विचारतात. नाही. डिसेंबर 2017 मध्ये केंद्राने राज्यांना कळवून असे गार्ड बेकायदा ठरवलेत, रंग कोणताही असो.

आणि चार तुकडे जुळत नाहीत म्हणून वैतागून अख्खी गाडीच दुसऱ्या रंगात रंगवायची असेल, तर आधी आरटीओत जा. आरसीवर जुना रंग राहिला तर तपासणीत आणि विम्यात दोन्हीकडे अडकाल.

माझ्याकडे यायचं असेल तर कोडच्या स्टिकरचा फोटो, पेट्रोलची फ्लॅप आणि धुतलेली गाडी घेऊन सकाळी या. संध्याकाळी सातनंतर रंग दाखवू नका. ट्यूबलाइटखाली मी आता मान डोलावत नाही.